एकपदरी की दुपदरी

मोरवा, भाईंदर (प.)
३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पाया पडतो. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. पप्पा अजून रोज सकाळी माझ्याकडे बघून उसासा टाकतात, म्हणजे तुझ्या भावाची तब्येत मस्त आहे.

फोन केला असता. पण तू कानाचं मशीन लावत नाहीस, आणि मागच्या वेळी आपण दोघं बराच वेळ दोन वेगळ्या विषयांवर बोलत होतो. म्हणून पत्र.

काम असं आहे. मला एक मफलर हवाय. हाताने विणलेला, एकदम गरम. माझ्या एका मित्राला हिमाचलात नोकरी लागलीय, किन्नौर जिल्ह्यात, पार वरती. भाईंदरचा माणूस, त्याला थंडी म्हणजे दुकानातला एसी. स्टेशनच्या बाजारात एका दुकानात मफलर मागितला तर दुकानदार म्हणतो, "भाईंदर में मफलर? पंखा दूँ क्या?" मी त्याला काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

स्टाइल मी ठरवलीय. लांब, गळ्याला वेढा घेऊन पुढे टोकं सोडता येतील असा. वीण जाळीची, मम्मीच्या शालीला तू घातली होतीस तशी, फुलाफुलांची. रंग फिकट जांभळा नाहीतर बेबी पिंक. डिसेंबरात मिळाला तर बरं.

कॉलेजचं विचारू नकोस. सोडलं ते सोडलं. सध्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जातोय.

तुझा
पराग

*

महाड
११ नोव्हेंबर

परागराव,

आशीर्वाद मागाहून देते. आधी सांगा, तुमच्या या मित्राचं नाव काय आणि ती दिसते कशी?

तुझे काका फौजेत होते तेव्हा अर्धं आयुष्य मी डोंगरातल्या छावण्यांमध्ये काढलं. किती जवानांच्या टोप्या आणि मफलर विणले त्याला गणती नाही. एकानेही बेबी पिंक मागितला नव्हता रे.

लपवायचं असेल तर लपव, पण विणणारीपासून लपवून चालत नाही. शिंप्याला माप आणि विणणारीला माणूस कळावा लागतो. पोरगी काय काम करते? कामात वाकावं लागतं का? तसं असेल तर मफलरची टोकं सारखी पुढे लोंबणार, आणि ती सारखी मागे टाकणार. त्यापेक्षा गोल, बिनटोकाचा चांगला. डोक्यातून घालायचा. हल्लीच्या पोरी त्याला काउल म्हणतात, मी गळपट्टाच म्हणते. आता तो गळ्यापुरता आखूड हवा, दोन वेढे घेण्याएवढा लांब हवा, की खांद्यावर उतरणारा हवा? केस मोकळे असतात की अंबाडा घालते? मान उंच की आखूड? हे सगळं कळव.

सोबत तीन नमुने पाठवलेत, तळहाताएवढे. वीण फोटोत कळत नाही, अंगाला लावून बघ. एक तुझा लाडका जाळीचा. दुसरा वेणीचा, जाडजूड. तिसरा साधा, दोन सुलट दोन उलट. तो ओढला की ताणतो आणि सोडला की गळ्याला बिलगतो. दिसायला काही खास नाही.

उसाशांचं बबनला सांग, लहानपणी तो स्वतः शाळेतून पळून नदीवर सापडायचा.

उर्मिला आत्या

*

मोरवा
१८ नोव्हेंबर

आत्या,

तू पोलिसात जायला हवी होतीस.

नाव संचिता. शेजारच्या मुर्ध्याची आहे. नर्स झालीय, आणि किन्नौरला एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात ऑगस्टपासून आहे. निघताना मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, कारण सांग. मी म्हटलं, कारण मी सांगतोय. ती गेली. मी लग्नाचंही बोललो होतो, त्यावर हो नाही की नाही नाही. म्हणाली, "पराग, तू शांत झालास की बोलू." आता मी शांत झालोय हे तिला कळणार कसं? मार्चअखेर तिचं कंत्राट संपतं. ती परत आली तर माझं काहीतरी होऊ शकतं, तिथेच राहिली तर संपलं. म्हणून हा गळपट्टा. रोज गळ्यात माझी आठवण राहील असा हवाय.

नमुन्यांची टेस्ट केली. उत्तनला माझा दोस्त सदू बर्फाच्या कारखान्यात आहे, बोटींना बर्फ तिथूनच जातो. त्याला म्हटलं, मला आत बसव. तो म्हणाला, "तुला येड लागलंय, दुसरा कायपन न्हाय." पण बसवलं. तिन्ही नमुने गळ्याला पट्टीने चिकटवले आणि लाद्यांच्या मधे बसलो. सदू दारात उभा राहून ओरडत होता, "जिता हाय का रं?" जाळीवाला पहिला हरला, भोकाभोकातून गारठा आत. वेणीवाला गरम, पण हनुवटीला इतका खाजवला की मी सदूलाच शिव्या घातल्या. साधा वाला जिंकला, पण आत्या, तो फारच साधा आहे गं. त्याला बघून कोण म्हणेल की हा कुणी जीव लावून दिलाय?

बाहेर आलो तर कोळणी हसत होत्या. एक म्हणाली, "पापलेट ताजा हाय."

माप पण घेतलं. गाळ्यात एका साइजचा डबा आहे, तो अगदी तिच्या डोक्याएवढा वाटतो. सोबत त्या डब्याच्या घेराचा दोरा पाठवतोय.

आणि एक. गळपट्ट्यावर पुढच्या बाजूला "प" अक्षर विणता येईल का? लाल रंगात. तिथे एक डॉक्टर आहे, नेगी म्हणून. फोनवर दर वेळी त्याचं नाव येतं. नेगी सरांनी हे शिकवलं, नेगी सरांनी ते आणून दिलं. त्याला दिसलं पाहिजे.

पराग

*

महाड
२६ नोव्हेंबर

पराग,

तुझं पत्र वाचून एकटीच हसत बसले, शेजारीण बघायला आली.

अरे, बर्फाच्या खोलीत वारा नसतो. डोंगरातली थंडी एका जागी बसत नाही, ती कॉलरमधून आत शिरते. तरी साधाच जिंकणार हे मला आधीपासून ठाऊक होतं. तुला हाताने कळायला हवं होतं म्हणून तीन पाठवले.

"प" मी विणणार नाही. गळ्यात मालकाचं नाव कुत्र्याच्या असतं. तिला तुझी आठवण यायची असेल तर अक्षराशिवाय येईल. नसेल यायची तर सगळी बाराखडी विणली तरी नेगी डॉक्टर फक्त वाचून बघेल.

राग आला ना? येऊ दे. पण मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर तू दिलेलं नाहीस. मी विचारलं ती काम काय करते, तू लिहिलंस नर्स आहे. हे नोकरीचं नाव झालं. सकाळी उठून कुठे जाते, किती वेळ बाहेर असते, वॉर्डात शेगडी आहे का? डोक्याला डब्याचं माप लावलंस, केसांचं काय? तिच्याशी फोनवर बोलतोस तेव्हा बोलतोस तरी काय?

तिलाच विचार. भेटवस्तू आहे म्हणून लाजू नकोस. गळ्याला टोचणारं सरप्राइज काय कामाचं? रंगही विचार.

आत्या

*

मोरवा
८ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र फाडलं होतं. मग चिकटवलं. कुत्र्याचं लिहायची गरज नव्हती.

पण फोन केला. आणि हे खरंय की आत्तापर्यंत मीच बोलायचो. गाळ्यात कुणाशी वाजलं, कोणाला मी काय सुनावलं, मिस यू, कधी येणार, नेगी कोण. या वेळी म्हटलं, तुझा सकाळपासूनचा दिवस सांग. ती म्हणाली, "बरं आहे ना तुझं?" मग बोलायला लागली ती थांबेचना.

लिहून घे. वॉर्डात लाकडाची शेगडी आहे, पण वऱ्हांडा उघडा, आणि ती दिवसभर वॉर्डातून वऱ्हांड्यात आणि वऱ्हांड्यातून वॉर्डात. आठवड्यातून दोनदा लशीचा डबा खांद्याला लावून खालच्या गावांत चालत जाते. वारा समोरून येतो. केसांचा अंबाडा, त्यावर टोपी. मास्क असतो, म्हणून गळपट्टा नाकापर्यंत येणारा नको, हनुवटीखाली थांबला पाहिजे. पेशंटवर वाकावं लागतं, टोकं नकोतच, दोन वेढेही नकोत, पोरं धरून ओढतात. जाड लोकरीने मानेवर पुरळ येतं. रंगाचं विचारलं तर म्हणाली, "कुठलाही. फक्त पांढरा नको. खिडकीबाहेर तेवढा एकच रंग आहे."

नेगी डॉक्टर साठीचा आहे. बायको त्याच हॉस्पिटलात औषधं देते. हे मला तू सांगायच्या आधी मीच सांगतो.

आता खरं. हॉस्पिटलवाले तिला अजून दोन वर्षं राहा म्हणतायत. तिने अजून सही नाही केली. मी विचारलं, मनात काय आहे? ती म्हणाली, "काम आवडतं रे. इथे माझ्यावाचून अडतं कुणाचं तरी. पण थंडीने जीव नको होतो. हा हिवाळा सोसला तर राहीन, नाही सोसला तर मार्चमध्ये घरी."

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. हा गळपट्टा जितका चांगला होईल तितकी ती तिथे टिकेल. मी स्वतःच्या हाताने तिला तिकडे दोन वर्षं देतोय.

आत्या, पातळ विण. सैलसर. दिसायला छान, पण पातळ. तिला थोडी थंडी वाजू दे. मी तिचं वाईट चिंतत नाही, फक्त घरी यावी एवढंच म्हणतोय. तू समजून घे.

पराग

*

महाड
१६ डिसेंबर

बाळा,

या पत्राला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. ओरडायचं होतं, पण ओरडा येईना.

तुझे काका पहिल्यांदा सीमेवर गेले तेव्हा मीही सासरी बसून त्यांचा स्वेटर विणत होते. हेच मनात आलं होतं. आजारी पडले तर रजा मिळेल, घरी येतील. आलं नव्हतं असं तुला सांगितलं तर खोटं होईल. माणूस आवडतो तेव्हा असंही मनात येतं. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. पण पुढे सुया आपल्याच हातात असतात.

म्हणून मी तुझ्यासाठी पातळ विणणार नाही आणि जाडही विणणार नाही. सोबत गोल सुई पाठवतेय. तिच्यावर टाके घालून गोल जोडून दिलेत आणि चार बोटं काठ विणलाय. आखूड, हनुवटीखाली थांबणारा, दोन सुलट दोन उलट, अंबाड्यासकट डोक्यातून जाईल असा. टाके जोडताना पिळले तर सगळा पट्टा वाकडा होतो, म्हणून तेवढं मीच केलं. रंग विटकरी. लोकर मऊ आहे, टोचणार नाही.

काठ मी दुपदरी विणलाय, म्हणजे दोन गुंड्यांचे धागे एकत्र धरून. पुढचं तू कर. काविळीत माझ्याकडे राहिला होतास तेव्हा सुलट-उलट शिकवलं होतं, हात विसरत नाहीत. दोन धागे धरलेस तर गरम होईल. एक धरलास तर लवकर होईल, दिसायला नाजूक होईल आणि वारा आत येईल. काठापासून पुढे फरक पडेल, पण घालणारीला तो कळणार नाही, तिला वाटेल अशीच स्टाइल आहे.

शेवटचे टाके सैल हाताने बंद कर. रागात विणलेलं घट्ट येतं.

आत्या

*

मोरवा
१२ जानेवारी २०२५

आत्या,

तू फार वाईट बाई आहेस.

एकपदरी सुरू केला. तुला खोटं लिहिणार नाही. गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत विणायला बसायचो. पॉलिशवाला सुभाष म्हणाला, "काय रे, कितवा महिना?" त्याला मारायला धावलो, टाके सुईवरून सुटले, मग तोच माझ्यासोबत खाली बसून एकेक टाका पकडायला लागला. शेठ आला, बघून म्हणाला, "पेकिंग में तो इतना ध्यान नहीं देता." आता सगळ्या गाळ्याला माहीत आहे की पराग संचितासाठी विणतोय. मुर्ध्यापर्यंत बातमी गेली असणार.

बऱ्यापैकी झाला होता. नाजूक, सुंदर. मग एक तारखेला तिने व्हिडिओ कॉल केला. वऱ्हांड्यात उभी. गळ्याभोवती हॉस्पिटलचा टॉवेल गुंडाळलेला, आणि त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. मला बघून हसली. म्हणाली, "हसू नको, फॅशन आहे इकडची." नाकाचा शेंडा लाल. बोलताना दात वाजत होते, आणि ती ते वाजू नयेत म्हणून मधेच गप्प व्हायची, मग वाक्य पुढे न्यायची. मला वाटलं होतं थोडी थंडी म्हणजे थोडी थंडी. ती अशी दिसते हे माहीत नव्हतं.

फोन ठेवला आणि सगळा उसवला. काठापर्यंत. तुझा काठ तेवढा ठेवला.

मग दोन धाग्यांनी विणला. उत्तनला बर्फाच्या टेम्पोत मागे उभा राहून टेस्ट केली, या वेळी वाऱ्यासकट. सदू म्हणाला, "आता जरा मानसात आलास." शेवटचे टाके बंद करताना मात्र पप्पा आले आणि परीक्षेला परत बसण्याबद्दल सुरू झाले. मी भडकलो, आणि टाके इतके घट्ट आले की मापाच्या डब्यावर गळपट्टा अडकून बसला. पुन्हा सोडवला, पुन्हा बंद केला. पप्पा शेजारी बसून धागा सोडत होते. उसासाही नाही.

काल स्पीड पोस्टने पाठवला. आत चिठ्ठी टाकणार होतो, तीन लिहिल्या, तिन्हीत मीच जास्त होतो. शेवटी फक्त "गार पाण्यात धू" लिहिलं.

आता तिने सही केली तर ते माझ्याच हाताने.

पराग

*

महाड
२० जानेवारी

पराग,

चष्मा पुसून पुसून वाचलं. बबनने धागा सोडला हे मला त्याने फोनवर सांगितलं, मशीन लावून ऐकलं.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. फक्त एवढं सांगते, काम चांगलं केलंस. जेवत जा.

आत्या

*

मोरवा
९ मार्च

आत्या,

तिने सही केली. दोन वर्षं.

आज दुपारी फोन आला, मी गाळ्यात होतो. तिने आधी गळपट्ट्याचं सांगितलं. पोचल्यापासून काढलेला नाही म्हणे, मानेवर पुरळ नाही, अंबाड्यावरून नीट जातो, खालच्या गावाला जाताना पहिल्यांदा तिने वर मान करून डोंगर बघितले. इतके दिवस थंडीने मान खाली घालून चालायची. मग म्हणाली, "पराग, मी सही केलीय."

मी म्हटलं, "बरं केलंस." एवढंच. पण ते बाहेर यायला इतका वेळ लागला की तिला वाटलं फोन कटला, मधे ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली.

मी ओरडलो नाही. काही फोडलं नाही. सुभाषने पाणी आणून दिलं. मी स्वतःच थक्क आहे, एवढं दुखतंय आणि राग कुठेच नाही. तुझ्याकडे असल्या दुखण्यावर काही औषध असेल तर कळव.

नंतर ती उगाच इकडचं तिकडचं बोलत बसली. म्हणाली, इथे एप्रिलातसुद्धा रात्री चांगलीच थंडी असते, सफरचंदाची झाडं फुलतात तेव्हाही. मग विचारलं, "तुझ्याकडे गळ्याला घालायला काही आहे का?" मी म्हटलं, मला कशाला, भाईंदरला तर आत्ताच घामाच्या धारा लागल्यात. मग "वेडा आहेस" म्हणाली आणि ठेवला.

आता यात वेडेपणा काय होता ते मला समजलं नाही. खरं तेच सांगितलं. दोन वर्षं म्हणजे फार असतात ना गं आत्या?

पराग

*

महाड
१५ मार्च

गाढवा,

ती तुला बोलावतेय.

हे पत्र हातात पडल्या पडल्या तिला फोन कर आणि विचार, एप्रिलात कधी येऊ. शेठकडे रजा माग, भांडून नाही, मागून. मी विणायला बसलेय, उत्तर लिहायला वेळ नाही.

आत्या